काही नको म्हणणाऱ्या आजी-आजोबांसाठी कमी खर्चात भेट कशी निवडावी

माझ्या आजोबांच्या लोखंडी कपाटातल्या वरच्या खणात अकरा शाली होत्या आणि त्यांतल्या नऊ प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकदाही बाहेर आलेल्या नव्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचा निवृत्तीच्या वेळी, पंचाहत्तरीला, गावच्या गणेशोत्सवात आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सत्कार होतो. प्रत्येक सत्कारात शाल आणि श्रीफळ मिळते. श्रीफळाची चटणी होऊन जाते, शाल मात्र कपाटात राहते. बारावी शाल मी नेली, माझ्या पहिल्या पगारातून. आजोबांनी ती खांद्यावर घेतली, फोटो काढू दिला आणि संध्याकाळी घडी मोडू न देता तिच्याच पिशवीत ठेवून दिली.

हा लेख अशा नातवंडांसाठी आहे, ज्यांना स्वतःच्या कमाईतून किंवा साठवलेल्या खाऊच्या पैशांतून पहिल्यांदाच आजी-आजोबांसाठी काही घ्यायचे आहे आणि ज्यांच्या प्रश्नाला घरातून "आम्हाला या वयात काय लागते?" एवढेच उत्तर मिळालेले आहे. हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. संसार पन्नास वर्षांपूर्वीच मांडून झालेला असतो, नाव घातलेली स्टीलची भांडी माळ्यावर पोत्यात असतात आणि नवी वस्तू आली की ती ठेवायची कुठे, हीच पहिली काळजी असते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एका कसोटीवर बेतलेली आहे: भेटीने घरातल्या वस्तूंची संख्या वाढू नये. भेट वापरून संपणारी असावी, एखादी रोजची अडचण काढून टाकणारी असावी, बंद पडलेली जुनी वस्तू पुन्हा चालती करणारी असावी किंवा आपला वेळ देणारी असावी. लेखात दिलेल्या किमती ढोबळ आहेत. गाव आणि दुकान बदलले की त्यांत फरक पडेल.

पायरी पहिली: दुकानाआधी घर पाहावे

भेट देण्याच्या किमान पंधरा दिवस आधी आजी-आजोबांकडे जावे आणि तासभर काहीही न विचारता केवळ पाहावे. चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला आहे का, बरणीचे झाकण उघडायला आजी कोणाला हाक मारते, रात्री उठल्यावर भिंतीला हात लावत चालतात का, वर्तमानपत्र खिडकीजवळ नेऊन वाचतात की केवळ मथळे वाचून बाजूला ठेवतात, दूरदर्शन संचाचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो का, काठीच्या टोकाचे रबर झिजून लाकूड फरशीवर वाजते का, या गोष्टी विचारून कळत नाहीत. त्या त्यांच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांना त्या अडचणी वाटतच नाहीत.

माझ्या आजीकडे मला हे अगदी योगायोगाने दिसले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला, जिथे ती दुधाचा हिशेब लिहीत असे, तिथे दोरा ओवलेल्या पाच सुया ओळीने टोचून ठेवलेल्या होत्या. देवाच्या हारासाठी तिला रोज सुई लागे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नेढे दिसत नसे, म्हणून शाळेला निघालेल्या शेजारच्या मुलीला थांबवून ती आठवड्याच्या सुया एकदम ओवून घेई. सुईत दोरा ओवण्याची पातळ तारेची चकती शिवणसाहित्याच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते. मी तिच्यासाठी नेलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू हीच आहे. शेजारची मुलगी मात्र थोडी हिरमुसली, कारण सुई ओवल्याबद्दल मिळणारा खडीसाखरेचा खडा बंद झाला. आजीने तो पुढे निराळ्या निमित्ताने चालू केला.

पाहून झाल्यावर विचारावे, पण "तुम्हाला काय आणू?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "तू आलास, आणखी काय हवे?" हेच येणार. "हे घड्याळ कधीपासून बंद आहे?", "हल्ली पोथी वाचत नाही का?", "अंघोळीला कोणता डबा वापरता?" अशा बारीक प्रश्नांतून खरी माहिती मिळते. घरकामाला येणाऱ्या मावशी, दूधवाले काका आणि शेजारच्या काकू यांना मुलांनातवंडांपेक्षा बरेच अधिक ठाऊक असते. त्यांच्याशी पाच मिनिटे बोलावे.

पायरी दुसरी: रक्कम आधी ठरवावी आणि ती लहान ठेवावी

भेट महाग असली की ती वापरली जात नाही, जपली जाते. "केवढ्याला पडले?" हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर जितके लहान, तितका वस्तू वापरात येण्याचा संभव मोठा. म्हणून एकट्याने देताना शंभर ते पाचशे रुपये ही रक्कम पुरेशी समजावी. सहस्रचंद्रदर्शनासारखा मोठा प्रसंग असेल तर चुलत-मावस-आते भावंडांनी वर्गणी काढावी. हजार पौर्णिमा भरायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. एवढे आयुष्य पाहिलेल्या माणसाला सहा नातवंडांनी तीनशे-तीनशे रुपयांच्या सहा किरकोळ वस्तू देण्यापेक्षा त्याच अठराशे रुपयांत न्हाणीघरात भिंतीला पक्का कठडा बसवून देणे शहाणपणाचे ठरते. कठडा फरशीवर चिकटवायचा नसतो, भिंतीत छिद्र पाडून स्क्रूने बसवायचा असतो, त्यामुळे वर्गणीत कारागिराची मजुरी धरावी. चोषकाने, म्हणजे दाबून बसवायच्या रबरी वाटीने, चिकटणारे कठडे स्वस्त दिसतात, पण ओल्या भिंतीवरून ते निसटतात आणि ज्याने आधार द्यायचा तोच दगा देतो.

पायरी तिसरी: संपणाऱ्या भेटींचा विचार सर्वांत आधी करावा

रोज लागणारी आणि वापरून संपणारी वस्तू ही नवख्याने निवडायची सर्वांत सुरक्षित भेट आहे. फुलवातींसाठी सरकी काढलेला स्वच्छ कापूस, निरांजनाचे तूप, कापूर, त्यांच्या आवडीची उदबत्ती, आजोबा जो चहा पितात त्याच चहापुडीचा पुडा, कोकणातून आणलेली आमसुले, अंघोळीचा नेहमीचा साबण यांची यादी पहिल्या भेटीतच करता येते. येथे एक चूक फार जण करतात: ते "जरा चांगल्यातले" आणतात. चाळीस वर्षे एकाच वासाची उदबत्ती लावणाऱ्या आजीला चंदनाची महाग उदबत्ती आवडत नाही. ती पाहुण्यांसाठी ठेवली जाते. जे वापरतात तेच, त्याच आकाराचे, त्याच दुकानातले आणावे.

खाण्याचे पदार्थ नेण्याआधी पथ्य विचारावे. मधुमेह असलेल्यांना गुळाचे, मधाचे किंवा खजुराचे लाडू "नैसर्गिक" म्हणून चालतात ही समजूत चुकीची आहे. त्यांनीही रक्तातील साखर वाढते. रक्तदाब असेल तर पापड-लोणच्यातले मीठ आड येते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर शहाळी आणि केळी यांची करंडीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये, कारण त्यांत पोटॅशियमचे प्रमाण बरेच असते. कवळी असणाऱ्यांना कडक चकली आणि अख्खे बदाम म्हणजे शिक्षाच. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, नाचणीचे पीठ असे पदार्थ बहुतेकांना चालतात, आणि तेही पाव किलोच न्यावेत. किलोभर नेले तर पोरकिडे होईपर्यंत पुरवून पुरवून खाल्ले जातात. चूर्णे, काढे आणि जीवनसत्त्वांच्या बाटल्या भेट म्हणून देऊच नयेत, कारण चालू असलेल्या औषधांशी त्यांचे जमेल की नाही हे आपल्याला सांगता येत नाही. डबा दिला तर तो परत येताना रिकामा येणार नाही, हे गृहीत धरून मोठा डबा देऊ नये.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी त्याच्या सेलचे पाकीट ही फार उपयोगी आणि क्वचितच कोणाला सुचणारी भेट आहे. या बटणाएवढ्या सेलच्या आकारांना ठरलेले रंग असतात: १० क्रमांकाचा पिवळा, ३१२ चा तपकिरी, १३ चा नारिंगी आणि ६७५ चा निळा. आजोबांच्या जुन्या पाकिटाचा फोटो काढून नेला म्हणजे चूक होत नाही. सेलवरचा रंगीत कागद निघाला की आत हवा जाते आणि सेल चालू होतो. त्यानंतर तो यंत्रात असो वा डबीत, संपतच राहतो. म्हणून लागेल तेव्हाच कागद काढावा आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल यंत्रात घालावा. ही माहिती मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटाला जोडून द्यावी. पुन्हा चार्ज होणारे यंत्र असेल तर अर्थातच सेल लागत नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी दिवाळी अंक आहेत. मराठीत ही परंपरा १९०९ पासूनची असल्यामुळे आजचे आजी-आजोबा दिवाळी अंक वाचतच वाढलेले असतात, पण आता अंकांच्या किमती पाहून ते स्वतः घेत नाहीत. एक अंक विकत घेण्याऐवजी वाचनालयाची वर्गणी भरावी. अनेक वाचनालये दिवाळी अंकांसाठी वेगळी योजना ठेवतात आणि एका अंकाच्या किमतीच्या आसपास पुष्कळ अंक वाचायला मिळतात. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. लहान गावांतही तालुक्याला बहुधा एखादे वाचनालय सापडते. अडचण एकच असते: पुस्तक बदलून आणायला कोणी तरी जावे लागते. त्यामुळे वर्गणीची पावती देताना दर पंधरा दिवसांनी पुस्तक कोण बदलणार, हेही ठरवून द्यावे, अन्यथा एकच कादंबरी वर्षभर उशाशी राहते.

याच प्रकारातली एक भेट मला फार उशिरा सुचली. आजी-आजोबांना घेण्यापेक्षा देण्यात अधिक आनंद असतो आणि हातात वाटायला काही नसले की त्यांना कानकोंडे होते. दिवाळीच्या आधी बँकेतून दहा रुपयांच्या कोऱ्या नोटांचे बंडल आणून दिले, तर हजार रुपयांत शंभर मुलांच्या हातावर काहीतरी ठेवण्याची त्यांची सोय होते. संक्रांतीला वाटायचा तिळगूळ, हळदीकुंकवाला लुटायचे वाण, अंगणात खेळणाऱ्या मुलांसाठी गोळ्यांची बरणी हे सारे याच जातीचे. परदेशातून येणाऱ्या नातवंडांनी अत्तराच्या बाटल्यांऐवजी चॉकलेटची मोठी पिशवी आणावी; ती आजी खाणार नाही, पण गल्लीभर वाटून "अमेरिकेहून आणलीत" असे सांगेल, आणि भेटीचे सार्थक तिथेच होईल.

पायरी चौथी: जुन्या वस्तूची दुरुस्ती हीही भेटच समजावी

नव्या घड्याळापेक्षा बंद पडलेले जुने घड्याळ चालू करून देणे कितीतरी अधिक आवडते. घरात अशा वस्तू शोधल्या की सापडतात: धार गेलेला अडकित्ता, वेत सुटलेली आरामखुर्ची, तेलाअभावी कुरकुरणारे शिवणयंत्र, सैल काडीचा चष्मा, शिटी न होणारा कुकर. चष्म्याचे स्क्रू आणि नाकावरचे पॅड बदलायला दुकानदार किरकोळ पैसे घेतात, कधी घेतही नाहीत.

पितळी भांड्यांना कल्हई करून देणे ही यांतली खास भेट. कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आजीने आपले आवडते पातेले बाजूला ठेवून ॲल्युमिनियमचे काढलेले असते. कल्हईवाले काका आता दारावर क्वचित येतात, पण जुन्या बाजारपेठेत तांबट आळीच्या आसपास चौकशी केली तर पत्ता लागतो. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवले की काळे पातेले डोळ्यांदेखत चांदीसारखे होते. शक्य असेल तर आजीला बरोबर न्यावे. माझ्या आजीने तिथे उभे राहून कारागिराला कथील कमी लावल्याबद्दल दोनदा ऐकवले आणि परत येताना ती वर्षभरात दिसली नव्हती इतकी खुशीत होती. नवी कल्हई काथ्याने किंवा तारेने घासू नये, हे तिलाच आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. भांडी घासणाऱ्या मावशींना ते तेवढे सांगावे.

जुन्या लुगड्यांची गोधडी, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली वाकळ, शिवून घेणे ही दुरुस्ती आणि नवनिर्मिती यांच्या मधली गोष्ट आहे. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांबीचे असल्यामुळे दोन-तीन लुगड्यांत मोठी गोधडी होते आणि वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या त्या सुताला बाजारातल्या कोणत्याही ब्लँकेटची सर येत नाही. मजुरी आकारावर आणि धावदोऱ्याचे टाके किती दाट आहेत यावर ठरते; ती आधी ठरवून घ्यावी. थर कमी ठेवायला सांगावेत, कारण जड गोधडी उचलून झटकणे म्हातारपणी जमत नाही. आणि कोणती लुगडी कापायची हे आजीलाच निवडू द्यावे. एका नातेवाइकांकडे नातवाने आजीला अचानक आनंद द्यायचा म्हणून परस्पर तीन लुगडी शिवायला दिली आणि त्यांतले एक तिच्या आईचे निघाले. गोधडी सुंदर झाली होती, तरी ती कधी पांघरली गेली नाही.

पायरी पाचवी: सोयीच्या वस्तू घ्यायच्या, तर हातात धरून घ्याव्यात

सोयीची नवी वस्तू घ्यायचीच असेल तर ती लहान, स्वस्त आणि शिकवावी न लागणारी असावी. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर हालचाल होताच लागणारा छोटा एलईडी दिवा, आठवड्याच्या वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी, काठीचे नवे रबर या वस्तू दोन-तीनशे रुपयांच्या आत येतात. काठीच घ्यायची असेल तर उंची महत्त्वाची: नेहमीच्या चपला घालून आणि हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आजोबांचे माप न घेता आणलेली नक्षीदार काठी कोपऱ्यात उभी राहते आणि ते छत्रीच टेकत फिरतात.

भिंग घेताना विकत घेणारे बहुधा सर्वांत शक्तिशाली भिंग निवडतात आणि चुकतात. वस्तू जितकी जास्त मोठी दिसते, तितका एका वेळी दिसणारा भाग लहान होतो. वर्तमानपत्राच्या ओळीतले दोनच शब्द दिसू लागले तर वाचनाची लय तुटते. दुपटीच्या आसपास मोठे दाखवणारे, आयताकृती, हलके भिंग वाचनाला बरे पडते. दुकानात जाताना घरचे वर्तमानपत्र बरोबर न्यावे आणि त्यावरच पाहावे. पोथी बारीक टाइपामुळे बंद झाली असेल तर तीच पोथी मोठ्या टाइपात मिळते का, हे धार्मिक पुस्तकांच्या दुकानात विचारावे. मात्र आकाराबरोबर वजन वाढते, म्हणून पोथी ठेवायचे लाकडी व्यासपीठ घरात आहे का हेही पाहून घ्यावे.

रेडिओबाबत थोडे सविस्तर सांगायला हवे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली आणि तिच्याबरोबर तरुण झालेली ही पिढी आजही रेडिओशी बोलल्यासारखी ऐकते. बाजारात मिळणाऱ्या अनेक लहान संचांत मात्र एफएमच असते, मध्यम लहरी नसतात, त्यामुळे जे केंद्र आजोबा वर्षानुवर्षे ऐकत आले ते लागतच नाही. त्यांना कोणते केंद्र हवे आणि ते कुठल्या लहरींवर लागते, हे आधी विचारावे, दुकानदाराला ते लावून दाखवायला सांगावे आणि फिरवायची बटणे असलेलाच संच घ्यावा. एकच बटण कमी-जास्त वेळ दाबून पाच कामे करणारा संच माझ्या आजोबांनी दोन दिवसांत कापडात गुंडाळून ठेवला.

कपड्यांत फसवणूक बाहेरच्या देखणेपणाने होते. आजोबांच्या सदऱ्याला किंवा बंडीला खिसा हवा, कारण चष्मा, पेन, सुटे पैसे आणि गोळीची पट्टी हे सारे त्यातच राहते. खिसा नसलेला झुळझुळीत कुर्ता त्यांच्या काहीच कामाचा नाही. बोटे आखडत असतील तर बारीक गुंड्यांऐवजी मोठ्या गुंड्या, नाडीऐवजी इलॅस्टिक आणि पाठीमागे हुक नसलेला ब्लाउज निवडावा. नवे सुती कापड एकदा धुऊन, मऊ करून मगच द्यावे. कोऱ्या कपड्याला कुंकवाचे बोट लावायचे तर ते धुतल्यानंतरही लावता येते.

मनगटावरची हुशार घड्याळे, पाय चेपायची यंत्रे आणि बोलून दिवे लावणारे डबे यांच्यापासून नवख्याने दूर राहावे. त्या वस्तू वाईट नसतात, पण त्या देणाऱ्याला रोज जवळ असावे लागते.

पायरी सहावी: वेळ द्यायचा असेल तर तो नेमका द्यावा

"मी तुम्हाला वेळ देईन" ही भेट नव्हे; "नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी तुम्हाला माहेरच्या गावी नेतो" ही भेट आहे. एसटीने महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास दिला आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. त्यामुळे आजीला तिच्या माहेरी किंवा कुलदैवताला नेण्याचा खर्च हा मुख्यतः आपल्याच तिकिटाचा उरतो. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड बरोबर ठेवावे आणि ही सवलत शहरांतल्या महापालिकेच्या बसला लागू नाही, हे लक्षात असू द्यावे. सकाळची, गर्दी नसलेली गाडी निवडावी. पुढच्या दारापाशी जागा धरावी. वाटेत कोणत्या स्थानकावरचे स्वच्छतागृह बरे आहे, हे वाहकाला विचारून ठेवावे, कारण त्या काळजीने आजी आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. देवस्थानाच्या पायऱ्यांचाही विचार करावा. जेजुरीचा गड चढायचा आहे, तर कोल्हापूरची अंबाबाई गावातच सपाटीवर आहे. सप्तशृंगगडावर २०१८ पासून ट्रॉलीची सोय झाल्यामुळे पायऱ्या टळतात.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला ही दरवर्षीची धास्ती असते. त्या महिन्यात एक दिवस राखून ठेवून बँकेत बरोबर जाणे किंवा पोस्टमनला घरी बोलावून डिजिटल दाखला काढून घेणे ही भेट कोणत्याही मिठाईच्या पेटीपेक्षा गोड लागते. पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच सेवा ७० रुपयांत मिळते. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो, पण मोबाइल आपल्याच हातात ठेवावा आणि आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे त्यांना त्याच वेळी पुन्हा सांगावे.

दूर राहणाऱ्या नातवंडांना पत्र लिहिता येईल. महिन्याला एक, वर्षाला बारा. पोस्टकार्ड अजूनही एका चहापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि फोनवरचे बोलणे ऐकू न येणाऱ्या आजोबांना पत्र चार वेळा वाचता येते. अक्षर मोठे काढावे आणि काळ्या शाईने लिहावे. जुने फोटो मोठे करून देणे हीही चांगली भेट आहे, पण फोटो निवडताना आपले लहानपणचे फोटो बाजूला ठेवून त्यांच्या तरुणपणाचे घ्यावेत. प्रत्येक फोटोत कोण आहे, कोणते वर्ष, कोणाचे लग्न, हे त्यांना विचारत मागे पेन्सिलीने लिहावे. पेनाच्या दाबाने फोटोच्या पुढच्या बाजूला वळ उठतात. एका दुपारी सात-आठ फोटोंच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही, कारण प्रत्येक फोटोमागून तीन माणसांच्या गोष्टी निघतात आणि त्यांतल्या एकीवरून आजी आणि आजोबांचे भांडण होते.

पायरी सातवी: देताना आणि दिल्यानंतर

वस्तू खोक्यातून बाहेर काढून, सेल घालून, दिवा खुंटीला लावून, जुनी वस्तू बाजूला करून मगच नमस्कार करावा. खोके त्यांच्या हाती दिले तर ते खोक्यासकट ठेवले जाते. दुकानाची पावती आपल्यापाशी ठेवावी आणि बदलून मिळण्याची मुदत विचारून घ्यावी. दोघेही असतील तर एकालाच काही नेऊ नये. नमस्कार झाल्यावर आजी पदराच्या गाठीतून किंवा डब्यातून पैसे काढून हातात कोंबेल आणि ते कदाचित भेटीच्या किमतीपेक्षा जास्त असतील. ते घ्यावेत, नाही म्हणून तिला अडचणीत टाकू नये.

महिन्याभराने पुन्हा जावे आणि वस्तू कुठे आहे ते न विचारता पाहावे. ती वापरात असेल तर पुढच्या वर्षीही तोच प्रकार निवडावा. ती कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाकलेली असेल तर वाईट वाटून घेऊ नये. तिला ती लागत होती आणि देण्याचा आनंद आजीला मिळाला. माझी बारावी शाल अशीच गेली. थंडीच्या दिवसांत गावच्या देवळातल्या गुरवांच्या खांद्यावर ती मला दिसली आणि आजोबा "यांना शोभते, नाही?" म्हणाले.

या सगळ्या पाहणीसाठी एक छोटी वही ठेवावी, कारण दुकानात उभे राहिल्यावर मापे आठवत नाहीत. माझ्या वहीच्या चालू पानावर सध्या एवढेच आहे: आजोबांच्या काठीचे टोक १९ मिलिमीटर, रबर काळे नको, फरशीवर डाग पडतात, आजीचा कापूस दसऱ्यापर्यंत पुरेल, श्रवणयंत्राचे सेल नारिंगी.